सैल

दोह्यात पहिल्या दिवशी उवे साहेबांनी
फळ्यावर एक शब्द लिहिला आणि मधोमध चिरला.
आब म्हणजे खाली. झाइल म्हणजे दोर.
त्यांच्या मुलखातला, कडे उतरणाऱ्यांचा जर्मन शब्द.
इंग्रजांनी उसना नेला, परत काही केला नाही,
तोंडात बसेना म्हणून झाइलचं सेल करून टाकलं.
ॲबसेल.
मला ऐकू आलं, सैल.

मी हसलो. साहेब म्हणाले, काय झालं?
आता कसं सांगू, की आमच्यात
माणूस दोरावर असताना हा शब्द उच्चारत नाहीत.

बाप आग्या मोहोळाला कड्यावरून उतरायचा.
अंगावर घोंगडं, कमरेला घरी वळलेला सोल,
आणि वर दोर धरून मामा.
मामाच धरायचा, चुलता नाही.
भाऊ उद्या वाटणीला उठेल,
मेहुण्याच्या मुठीत बहिणीचं कुंकू असतं.
झाइल आणि सोल यांचं काही नातं असेल का,
साहेबांना विचारायचं राहिलं.

बापाच्या कामाला नाव नव्हतं.
गेलेत का? गेलेत. एवढंच बोलणं.
ते परत येईपर्यंत आई चूल पेटवत नसे.

इथं नाव आहे. कार्डावर छापलंय फोटोखाली,
लहानू मुठे, ॲबसेलर, दर्जा दोन.
नुसत्या सफाईवाल्यापेक्षा चारशे रियाल जास्त.

एकतिसाव्या मजल्यावर आत एक बाई
फोन कानाला लावून उभी होती.
मी धूळ पुसली तसा तिला समुद्र दिसला.
मधे मी होतो, ते तिनं चालवून घेतलं.

वर गच्चीवर दिलमान, रोल्पाचा.
त्याची बहीण मला दिलेली नाही, माझी त्याला नाही.
तरी रोज कठड्यावरून पाय सोडताना
मी त्याला हाक मारतो, मेहुण्या!
त्याला वाटतं, मराठीत
'सोड आता' याला असंच म्हणत असतील.

शुक्रवारी आईचा फोन.
नक्की काय करतोस रे तिथं?
दोरानं खाली उतरतो.
म्हणजे यांच्यासारखंच?
हो.
मग त्याच्यासाठी विमानात बसून वर कशाला गेलास?

म्हटलं, आई, इथं त्याला शब्द आहे.

थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, आणि मध?