तेरा सेंटिमीटर

उंडीच्या मुळात ठोकलेला खिळा
हे आमचं शून्य.
वेसवीच्या धक्क्यापासून आत, खाडी कुशीवर वळते तिथे.
सगळं त्याच्यापासून खाली मोजायचं.

मी दुर्बिणीला डोळा लावून,
आणि पलीकडे चिखलात पट्टी धरून जैबूनबी सारंग.
मजुरी तीनशे, वाटेत सापडलेल्या तिसऱ्या तिच्या.
“सरळ धर,” मी ओरडायचो.
“पट्टी सरळच हाय. चिखल तिरका हाय.”

चिपी, खाली दोनशे पन्नास.
कांदळ, दोनशे पस्तीस.
तिवर, दोनशे.
मोरस, एकशे सत्त्याऐंशी.
वहीत मी आकडे भरत गेलो,
तिचं माप तिच्या पायांवर होतं:
भरतीला चिपीत मांडी भिजते,
कांदळात गुडघा, तिवरात घोटा,
आणि मोरसात एरवी चपला घालून जावं,
उधाणाला तेवढ्या हातात घ्याव्यात.

दोनशेतून एकशे सत्त्याऐंशी गेले, तेरा.
वीतभरसुद्धा नाही.
एवढ्यावर एका झाडाचं राज्य संपतं
आणि गुडघ्याएवढं लालसर झुडूप
आपला गाव मांडतं.

मग जूनमध्ये तुफान आलं, दुपारचे तीन तास.
मुखाशी निजलेला वाळूचा दांडा उठला
आणि तिवरात येऊन बसला, गुडघाभर.
चिखलातून वर काढलेली श्वासाची बोटं
एकूणएक बुजली.
तिवर त्या दिवशी मेले नाहीत.
गणपतीपर्यंत हिरवे होते,
लोक म्हणाले, वाचले.
दिवाळीत पानं पिवळी,
शिमग्याला उभ्याउभ्या सरपण.
पुढच्या पावसात त्यांच्या पायाशी
मर्यादवेल आली, जांभळी फुलं घेऊन,
जणू तिला कुणी पत्ता दिला होता.

अलीकडे रघुनाथ भुवडांच्या खारीचा बांध फुटला.
आजोबांच्या वेळेपासून कोंडलेली जमीन
आत दबून दबून खाडीपेक्षा खाली गेली होती,
हे पाणी शिरलं तेव्हा कळलं.
पहिल्या वर्षी पांढरं मीठ, बाकी काही नाही.
दुसऱ्या वर्षी उंचवट्यांवर मोरस.
तिसऱ्या वर्षी खोलगट भागात
दोन-दोन पानांचे तिवर,
भरतीने आणून टाकलेले, मोजवत नव्हते इतके.
भुवड बांधाच्या तुटक्या टोकावर उकिडवे बसून म्हणाले,
“सात-बाऱ्यावर अजून भातच आहे.”
हसले की काय ते कळलं नाही.

आणि उंडी आडवी.
मुळांचं ताट उभं झालेलं,
आमचं शून्य चार हात वर, आभाळाकडे टोक करून.
मी वही मिटली.
जैबूनबी म्हणाली, “खिळा कशाला पायजे?
त्या वरच्या मोरसाला इचार ना,
पानी कुठवर येतं त्याला ठाव हाय.”
ऑफिसात झुडूप चालत नाही.
धक्क्याच्या काँक्रीटमध्ये नवा खिळा ठोकला,
नवं पान, नवे आकडे.

भुवडांच्या खारीत शेवटची जागा घ्यायची होती.
दुर्बिणीत पट्टी हलली, बाजूला सरकली.
“तिथेच धर!”
तिने मान हलवली, पायाकडे बोट दाखवलं:
बरोबर त्या जागी एक रोप होतं.
शेजारच्या ढेकळावर तिने पट्टी टेकली.

दोन सेंटिमीटरची चूक आली.
वहीत ती तशीच आहे.