चोवीस वॅट

लॅमिंग्टन रोडला तिसरी खेप.
खोजेमाभाईंच्या काउंटरवर तळहाताएवढा डबा,
कुठल्याशा बँकेतून निवृत्त झालेला,
पाठीवर अजून चिठ्ठी: आवक-जावक, टेबल चार.
‘नऊ वॅट,’ ते म्हणाले, ‘पंखापण नाय.
ठेवा आणि विसरून जा.’

घरी लाइटबिलाच्या पाठीवर हिशोब मांडला.
जे चोवीस तास, बारा महिने चालणार
त्याचा एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट.
ऑफिसातला सर्व्हर शंभर खातो, वर ओरडतो.
आमची खोली दहा बाय पंधरा.
मशीन राहणार माळ्यावर, पिंपाशेजारी,
तापलं की पाली ऊब घ्यायला येणार.
नऊच बरे.

साठवायचं काय, तर आईचं दुकान.
मजासवाडीच्या नाक्यावर बावीस वर्षं अक्षरजुळणी:
लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा,
भजनी मंडळाची पावतीपुस्तकं, एक अर्धवट आत्मचरित्र
(लेखकाने पैसे बुडवले, म्हणून अर्धवट).
सगळं त्या जुन्या फॉन्टात,
जो आता कुठल्याच मशीनला वाचता येत नाही.
‘शुभविवाह’ उघडावा तर पडद्यावर
डॉलर, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं,
उलटी प्रश्नचिन्हं.

म्हणून एका मशीनच्या पोटात दुसरं.
आभासी म्हणतात त्याला.
मला तो पोटभाडेकरूच वाटतो:
मालकाच्या रॅममधला एक कोपरा,
मध्ये पडदा, वेगळी चूल,
आणि पडद्याआड
अजून एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल.

डिस्क दोन, नव्या, जुळ्या.
एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं.
‘जुन्या डिस्कवर भरोसा नको,’ खोजेमाभाई म्हणाले,
‘माझ्याकडून घेतली तरी.’

अडलं ते रॅमपाशी.
साधी रॅम कधीतरी
एखाद्या शून्याचा एक करून बसते
आणि सांगत नाही.
चूक पकडणारी रॅम त्या डब्यात बसत नाही.
तिला मोठा बोर्ड लागतो, पंखा लागतो,
चोवीस वॅट लागतात.
‘घरात कोण लावतो ती? एक टिंब बदललं तर काय होतं?’

टिंब.
एकदा ‘दिन’ची वेलांटी दुसरी पडली होती.
‘शुभ दीन’, दोनशे पत्रिका.
पार्टीच्या लक्षातही आलं नव्हतं.
आईने पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या.
त्या महिन्यात माझी सहल राहिली.
का, ते ती बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

नऊ आणि चोवीस.
मधले पंधरा कुठून आणू?

रात्री पाणी प्यायला उठले
तेव्हा आईच्या कॉटवरचा झिरोचा बल्ब हाताला लागला, थंड.
नावालाच झिरो. पंधरा वॅटचा.
वर्षानुवर्षं रात्रभर जळायचा,
दिवसाही बंद करायचा राहून जायचा.
डोळे गेल्यापासून तिने तो लावलेला नाही.
‘मला काय त्याचं,’ म्हणते,
‘बिल तेवढं वाचलं.’

ते वाचलेले पंधरा मी रॅमला दिले.

काल माळ्यावर पंखा फिरू लागला.
पोटभाडेकरू जागा झाला, डोळे चोळत, फार हळू,
आणि टोप्या उतरवून अक्षरं माणसांत आली:
चि. सौ. कां. प्राजक्ता आणि चि. उल्हास,
मुहूर्त, स्थळ,
खाली फोन नंबर, सात आकडी.
मी मोठ्याने वाचत गेले.

‘दिनला पहिली आहे ना?’
आईने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.
मी जवळ जाऊन पाहिलं.
पहिली.

‘आणि हे काय घरघरतंय वर?’
‘तुझं दुकान.’
ती जरा वेळ ऐकत राहिली.
‘मग शटर अर्धंच ओढ,’ म्हणाली,
‘कोणी प्रूफ न्यायला येईल.’