टाच आणि चवडा

क्राऊनवर कोरलेला आकडा चारशे सतरा,
पिनियनवर तीनशे ब्याऐंशी.
म्हणजे ही जोडीच नव्हे.
क्राऊन बुधवारच्या जुन्या बाजारातून, गोणपाटात गुंडाळून आलेला,
पिनियन वडकीच्या एका गोठ्यामागून,
चिमण्यांची शीट खरवडून काढलेलं.

एकतीस वर्षं मी भोसरीत क्वालिटीला होतो.
असला माल समोर आला की
दुसऱ्यांदा बघायचोसुद्धा नाही. लाल शिक्का.
आता सासवड रोडला, इलाहीभाई मुलाण्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
बॅटरी धरून उभा असतो, बिनपगारी,
मायक्रोमीटर खिशात.

ट्रॅक्टर चौऱ्याहत्तरचा, झेटर.
ज्या देशात त्याची ड्रॉइंगं काढली
तो देश नकाशावरून गेला,
हा अजून उंड्रीच्या सोसायट्यांना पाण्याचा टँकर ओढतो.
मालकीण कमल झुरुंगे, ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसून:
दुपारच्या दोन खेपा तरी होतील का?
इलाहीभाई उत्तर देत नाहीत.
ते तेलात शेंदूर कालवतायत,
किती सैल, ते बोटालाच विचारून.

सहा-सात दातांना शेंदूर.
मी क्राऊनला फळीचा अडसर देतो,
ते पिनियन फिरवतात, पुढं, मागं.
मग दोघं वाकून बघतो
कुठं पुसलं गेलंय.

खूण माथ्यावर.
"लांब राहिलंय. आत घ्या."
पिनियन बाहेर, बेअरिंग ओढा, शिम घाला,
पुन्हा सगळं. चाळीस मिनिटं.
खूण बुडाशी.
"लई घुसलं."
पुन्हा.
खूण टाचेवर.

दाताला टाच असते, चवडा असतो,
हे मी एकतीस वर्षं इंग्रजीतून म्हणत आलो
आणि एकदाही माझ्या पायांकडे बघितलं नव्हतं.
भार नुसत्या टाचेवर आला तर दात कोपऱ्यातून उडतो.
रिकामा असताना तो जरा चवड्याकडे झुकलेला हवा;
ओझं पडलं की
आपणच सरकतो मागं, मधोमध.

डायल गेज लावला.
काटा आठ थाऊ, मग अकरा,
अर्ध्या फेऱ्यानं परत आठ.
मी म्हणालो, हे पास होत नाही.
इलाहीभाईंनी गेजकडे पाठ केली,
डोळे मिटून क्राऊन अंगठ्यानं हलवला.
टक्.
टक्.
दोन दातांमधली रिकामी जागा
ऐकत राहिले बराच वेळ.
"एवढी ढील लागतीच, साहेब.
तापल्यावर लोखंडानं जायचं कुठं?"

सातव्या खेपेला खूण बसली,
शेवग्याच्या पानाएवढी,
जिथं हवी तिथं.
तोवर शेडमधला बल्ब लागला होता
आणि कमलताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या,
उद्या सकाळी बिनअंघोळीचं जा म्हणावं.

भरला टँकर जोडून भेकराईनगरपर्यंत जाऊन आलो.
तिसऱ्या गिअरात बारीक घूं.
मी इलाहीभाईंकडे बघितलं.
"ते राहील. बंद झालं तर सांगा मला."

रात्री घरी खिसा उलटा केला,
मायक्रोमीटरला चिकटून आली एक पितळी शिम.
मोजली. तीन थाऊ.
फोन लावला: ही घालायची होती, की काढलेली?
पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज.
"जास्तीची असंल."
असेल म्हणजे?
"जेवा आधी."

दोनदा साबण लावला.
नखांतला शेंदूर तसाच.
खालच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला,
मी कान दिला,
पण तो दुसराच कुणाचा तरी.