चादरीच्या पलीकडून

राधानगरीच्या बॅकवॉटरला, खाड्यांच्या पडीक वावरात
तीन तंबू ठोकले.
चौथा वाऱ्यानं ठोकू दिला नाही.
मग अमीननं पिशवीतनं प्रोजेक्टर काढला,
जेवणाच्या डब्याएवढा,
आणि अम्मीची पांढरी चादर, कडेला जांभळी वेल.

चौगले सर भडकलेच.
"पिक्चरच बघायचा तर कोल्हापुरात थेटरं बंद पडली होती काय?"
(पडली होती खरं तर.
आम्ही शाळा बुडवून ज्यात बसायचो
तिथं आता मंगल कार्यालय आहे.)
"पन्नास किलोमीटर गाडी मारायची ती ह्या उजेडासाठी?
रानात आलाय. तारे बघा. गप बसा."

आम्ही गप बसलो. पाच मिनिटं.
तेवढ्यात विलासनं तीनदा मोबाईल उघडला
आणि रेंज नाही हे तीनदा सांगितलं.

अमीन वाद घालत नाही.
दोरीचं एक टोक जांभळीला, एक ऐनाला.
त्याचे अब्बा जत्रेत तंबूतले पिक्चर दाखवायचे.
रीळ तुटलं, की शिट्ट्या वाढायच्या आत जोडायचे.
आता त्यांना माणसंसुद्धा आवाजावरनं ओळखावी लागतात.
हे तो बोलला नाही. आम्हाला ठाऊक.

पिक्चर लागला,
आणि रानातले सगळे किडे आले, बिनतिकीट.
एक पतंग हिरॉईनच्या गालावर बसला,
ती रडायला लागली तरी उठला नाही.
वारा आला की इन्स्पेक्टरचं पोट सुटायचं,
वारा पडला की बिचारा पुन्हा बारीक.

मध्येच चादरीच्या खाली दिसले पाय.
सहा अनवाणी, दोन जोडव्यांचे.
खाड्यांची पोरं, त्यांची आई.
"इकडं या की, बसा."
"नको. हिकडनं बी दिसतंय."

त्यांच्या बाजूनं पाट्या उलट्या होत्या,
गाड्या उजवीकडनं जात होत्या,
बाकी गोष्ट तीच.

खुनी दार उघडणार
आणि बॅटरी गेली.

मग जो अंधार झाला
तो एवढा वेळ चादरीमागंच थांबला असावा.
पाण्याकडनं फुरफुर आली. जड, ओली.
"गवा हाय," पोरगा कुजबुजला,
"रोज येतो. हलू नगासा."

कोण हलतंय.
असे बसलो आम्ही, खांद्याला खांदा लावून,
समोर काही नसलेल्या चादरीकडं बघत.
तो पाणी प्याला. किती वेळ, माहीत नाही.
इंटर्व्हलएवढा तरी.

रात्री उशिरा, शेकोटी राख झाल्यावर,
शेजारच्या तंबूतनं चौगले सरांचा आवाज, एकदम बारीक:
"अमीन... झोपलास?
दाराआड कोण होता रे?"

"मी बी पुढचा बघितला नाही, सर.
खाड्यांचा धाकटा म्हणतोय,
तो डावखुरा."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
बाहेर चादर फडफडत होती.
सर एकेक माणूस आठवत असणार, एकेकाचा हात.
आमच्या बाजूनं
डावखुरा कुणीच नव्हता.