शीव

मालाडच्या अकराव्या मजल्यावर
मी देशांच्या सीमा सांभाळते.
सांभाळते म्हणजे काय, तर
एकाच डोंगरावर तीन रेघा ठेवते:
इथून पाहणाऱ्याला सलग,
पलीकडून पाहणाऱ्याला दुसऱ्याच दरीतून गेलेली,
आणि ज्यांचं तिथं काही अडलेलं नाही त्यांना
तुटक, राखाडी, कुणाला न दुखावणारी.

मनिलाहून रोवेना माझं काम तपासते.
एकदा तिनं विचारलं, यातली खरी कुठली?
मी लिहिलं, बघणारा कुठं बसलाय त्यावर आहे.
तिनं हसरा चेहरा पाठवला.
मग बराच वेळ काहीच नाही.

अण्णा मुलुंडच्या भूमापन कचेरीत होते.
साखळी ओढायचे. कांजूरच्या मिठागरात
गुडघाभर चिखलात उभं राहून
कुणाचं मीठ कुठं संपतं ते सांगायचे.
भरतीनं बांध विरघळायचा.
पुन्हा मोजणी, पुन्हा दगड, दगडाला चुना,
दोन्हीकडच्यांच्या हातात काठ्या,
चहा मात्र एकाच किटलीतला.
"हद्द म्हणजे दोघांनी बघितलेला दगड," ते म्हणायचे,
"एकट्यानं बघितला तर तो नुसताच दगड."

आम्ही राहतो शीवला.
शीव म्हणजे हद्द. एके काळी मुंबई इथं संपायची,
टेकडीवर किल्ला, खाली खाडी,
पलीकडे दुसऱ्याचं राज्य.
आता नुसतं पाटीवरचं नाव,
आणि ते घेताना कुणालाच वाटत नाही
आपण टोकावर उभे आहोत.
मुलुंडचा जकात नाकाही गेला.
जुने ट्रकवाले तिथं अजून गिअर बदलतात,
असं आपलं अण्णांचं म्हणणं.

दसऱ्याला धुतलेला शर्ट घालून
ते सीमोल्लंघनाला निघतात, चुनाभट्टीपर्यंत.
तेवढंच. शिवेपलीकडे पाय ठेवायचा,
आपट्याची पानं घ्यायची, परत यायचं.
यंदा सत्त्याहत्तरावं. गुडघे बोलतात.
म्हणून पाळीवर बसल्या बसल्या
त्यांच्या फोनचा ठावठिकाणा पडद्यावर घेतला,
कुठल्याशा हिमनदीच्या शेजारच्या खिडकीत.

निळा ठिपका. त्याच्याभोवती फिकट वर्तुळ,
म्हणजे यंत्राचं आपलं, "इथंच कुठंतरी."
वीस मीटर अलीकडे, वीस मीटर पलीकडे.
अर्धे अण्णा शीवमध्ये.

ठिपका थांबला. थांबूनच राहिला.
मी फोन लावला.
"काही नाही गं, टेकलोय जरा.
एक बाई पानं विकत बसलीय, तिच्या शेजारी.
तुझ्यात बघून सांग, मी ओलांडली का?"

मी नकाशा मोठा करत गेले.
पूल, गटार, कुणाच्या तरी गॅरेजचं नाव,
झाडांचा हिरवा ठिगळ.
रेघ नव्हती. कुणी काढलेलीच नव्हती.
माउस माझ्याच हातात होता.

"तिथं एखादा दगड दिसतोय का?"
"दगड कसला. पण ही बाई बघतेय माझ्याकडे."
"मग झालं की, अण्णा."

ते हसले, मागे हॉर्न वाजले.
"दोन पानं जास्तीची घेतो,
तुझ्या त्या मनिलावालीला."
मी म्हटलं, फोटो जाईल. पान नाही जायचं.
"मग फोटो पाठव," म्हणाले,
"आणि पान तिच्या नावानं ठेव."