आलं

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून
पाव किलो आलं आणलं, जुनं, सुरकुतलेलं,
चहासाठी कुणी उचलणार नाही असलं.
"बियाण्याचं आहे ना?" विचारलं,
तर कळवणची बाई म्हणाली,
"डोळे बघ ना त्याचे. माझ्याकडं काय बघती?"

डोळे होते. हिरवट, टाचणीच्या माथ्याएवढे.
दोन-दोन डोळ्यांचे तुकडे केले,
कापल्या जागी उदबत्तीची राख चोळली
(सिडकोत चूल कुठली)
आणि दिवसभर सावलीत ठेवले.
जखम सुकल्याशिवाय मातीत घालायचं नाही,
एवढं माहेरून ठाऊक होतं.

क्रेट ह्यांचाच. टोमॅटोचा, निळा,
पेठ नाक्याच्या यार्डातला,
कुणा आडत्याचं नाव अर्धं खरवडलेलं.
एकवीस वर्षं हे तिथं लिलाव पुकारत.
चाळीसपासून एका दमात बासष्टवर चढत,
मध्येच, "आलं बघा सातारी, आलं बघा आलं!"
घरी येत तेव्हा घसा बसलेला.
मी आलंच ठेचून द्यायचे, गुळाबरोबर.

फेब्रुवारीत उजवी बाजू गेली.
बाजूबरोबर बोलणं.
शिरसाठ मॅडम आठवड्यातून दोनदा येत
चित्रांची कार्डं घेऊन: कप, कुलूप, मांजर.
हे कार्डाकडे बघत, मग मॅडमकडे,
जणू भाव फारच पाडून सांगितलाय.

तर क्रेटमध्ये गोणपाट अंथरलं.
माती, वाळू, शेणखत, वरून वाळका पाला.
डोळे वर करून तुकडे ठेवले, दोन बोटं खोल.
ह्यांची खुर्ची सकाळच्या उन्हात,
क्रेट खुर्चीच्या सावलीत.
पाणी हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही.
कंद कुजतो, आणि कुजलेलं वरून कळत नाही.

समाधान अंबडहून यायचा,
बूट काढता काढता विचारायचा, "आलं का आलं?"
नाही आलं.
आठ दिवस. पंधरा. वीस.
शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या, उकरून बघ.
मी नाही उकरलं.
खोटं कशाला, एकदा उकरलं.
एक तुकडा बोटाला मऊ लागला.
फेकला, आणि हात तीनदा धुतला.

बाविसाव्या दिवशी आत कणीक मळत होते.
बाहेरून आवाज, फाटका, पण यार्डातलाच:
"आलं."

कणकेच्या हातानं धावले.
ह्यांचं डावं बोट क्रेटच्या कोपऱ्याकडे.
हिरवं पातं, नखाएवढं, ताठ.
खाली बसून पाहिलं.
गवत होतं.

"हो," म्हटलं. "आलं."
ते गवत मी उपटलं नाही.
खरं आलं आठवड्यानं आलं, पलीकडच्या कोपऱ्यात,
बसच्या तिकिटासारखं गुंडाळलेलं.
तोवर त्याची घाई कुणाला नव्हती.

मग कितीतरी महिने तेवढाच एक शब्द.
नळाला पाणी: आलं. दूध: आलं.
इथवर व्याकरणही बरोबर.
पण लाईटही आलं, घंटागाडीही आलं,
समाधान दारात दिसला की तोही आलं.
मॅडमनी वहीत लिहिलं, एक शब्द, वारंवार.
म्हटलं, लिहा मॅडम, बोली सुरू झालीय, चढेल.

कंद मातीतून डोकं काढत, मी भर घालत राहिले.
थंडीत पानं पिवळी पडली, पाणी तोडलं.
संक्रांतीच्या आधी क्रेट पालथा केला.
चारशे ग्रॅम.
त्यात मी लावलेला एक तुकडाही सापडला,
काळपट, जुना, नव्याला धरून बसलेला.
तो मोडून ह्यांच्या डाव्या हातात दिला.

नाकाशी नेला. डोळे मिटले.
छातीत दम भरला, पूर्वीसारखा, पायापासून.

"चाळीस," म्हणाले.

आत चहा उतू चालला होता. जाऊ दिला.
"एक्केचाळीस," मी म्हटलं.