मिनीनचं गॅरेज, कुडचडे

खाण बंद, टिपर विकले. गॅरेज उरलं.
मिनीनने अ‍ॅक्सलचा बार केला,
फ्लायव्हीलच्या थाळ्या.
खाचांत अजून लाल माती.

सहाला येते मी,
दप्तरात प्रिलिमचा पेपर:
फिजिक्स, सत्तरपैकी एकोणीस.
घरी सांगितलेलं नाही.

"पाय रोव गो. श्वास धर.
बार विसर, जमिनीला ढकल."
पस्तीस किलो
गुडघ्यापर्यंत येतात, अडतात,
कानांत रक्त वाजू लागतं
आणि वर्गात मोठ्याने वाचलेले मार्क
तेवढ्यापुरते ऐकू येत नाहीत.

पोटातला गोळा इथेही असतोच,
रात्री दोनला वर-खाली होणारा,
त्याचं वजन कुणी केलेलं नाही.
पण बार सोडते तेव्हा
धप्प!
पत्रे थरथरतात,
सावियांचं कुत्रं भुंकत सुटतं,
आणि हातांना कळतं:
उचललेलं ठेवता येतं खाली.

मिनीन खडूने भिंतीवर लिहितो,
उर्वी, ३५, पाचदा.
वर मागचा मंगळवार: तीनदा.
शाबास वगैरे म्हणत नाही तो.

तळहात सोललेत, मीठ लागलं की झोंबतील.
आज जेवताना
बाबा बांगड्याचे काटे काढत असतील,
तेव्हाच सांगेन.
एकोणीस, म्हणेन,
आणि आणखी भात वाढून घेईन.